नोकरी सुटली तरी मेडिक्लेम सुटू देऊ नका



नोकरी गेल्यावर पहिल्या शंभर दिवसांत धंदा कसा उभा करायचा, यावर मी मागे एक व्हिडिओ केला होता. त्याच्या खाली तुमचे भरपूर प्रश्न आले. भांडवल कुठून आणायचं, उद्यम नोंदणी कशी करायची, जीएसटी कधी लागतो, मुद्रा लोन मिळेल का. सगळे प्रश्न चांगले होते. पण आरोग्य विम्याबद्दल एकानेही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही त्या व्हिडिओत त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. ती चूक माझी. आज ती दुरुस्त करतोय.

कारण सांगतो. आपल्या बॅचमधल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. चाकणच्या एका कारखान्यात तेरा वर्षं क्वालिटीला होता. लाइन बंद झाली, माणसं कमी केली, त्यात याचं नाव आलं. हिशोबाचे बरे पैसे हातात आले आणि गड्याने ठरवलं, आता दुसऱ्याची चाकरी नाही. लाकडी घाण्याचं तेल काढायचं. जागा बघितली, शेंगदाण्याचे भाव काढले, मशीनला पन्नास हजार ॲडव्हान्स दिला. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं.

नोकरी सुटल्यानंतर तिसऱ्या महिन्यात बायकोच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. हा निवांत होता, कारण नोकरी सुटल्यावर महिन्याभराच्या आत त्याने एका ओळखीच्या एजंटकडून पाच लाखांची नवी पॉलिसी घेतली होती. दवाखान्यात कार्ड दिलं. संध्याकाळी उत्तर आलं, कॅशलेस नामंजूर. पित्ताशयाच्या खड्यांना दोन वर्षांचा वेटिंग पिरियड आहे.

एक लाख पस्तीस हजार रुपये गेले. मशीनचे राहिलेले पैसे त्यातच होते. "सर, बायको बरी आहे, तेवढं पुरे," असं तो म्हणाला. ते खरंच आहे. पण घाणा आठ महिने लांबला आणि ॲडव्हान्सही बुडाला.

आता यात वाईट कुठे वाटतं, बघा. विमा कंपनीने त्याला फसवलं नाही. अट पॉलिसीत छापलेली होती. एजंटनेही खोटं काही सांगितलं नाही, फक्त कमी सांगितलं. पण तेरा वर्षं ज्या ग्रुप मेडिक्लेममध्ये हे कुटुंब होतं, तेच कव्हर वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा त्याला हक्क होता. तसं केलं असतं तर हा वेटिंग पिरियड त्याला नव्याने मोजावा लागला नसता. हे त्याला कोणी सांगितलं नाही. एचआरने नाही, एजंटने नाही, आणि मीही नाही.

म्हणून माझं आजचं म्हणणं सरळ आहे. नोकरी सोडून किंवा सुटून धंद्यात उतरणाऱ्या माणसाने मशीन, दुकान, बोर्ड या सगळ्याच्या आधी आरोग्य विम्याचा धागा जोडून ठेवला पाहिजे. "विमा नंतर बघू, आधी धंदा उभा राहू दे" हा सल्ला तुम्हाला कोणी दिला, भले तो मोठा यशस्वी माणूस असो, तरी ऐकू नका.

तुमच्याकडे नेमकं काय होतं?

कंपनीच्या मेडिक्लेमची किंमत नोकरीत असताना आपल्याला कळत नाही. पगाराच्या स्लिपवर बऱ्याचदा ते दिसतही नाही. एक ई-कार्ड ई-मेलमध्ये पडलेलं असतं, बस.

पण त्या ग्रुप पॉलिसीत सहसा दोन मोठ्या सवलती असतात. पहिली म्हणजे आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तुम्हाला बीपी असो, शुगर असो, वडिलांचं हृदयाचं दुखणं असो. दुसरी म्हणजे बहुतेक ठिकाणी वेटिंग पिरियड माफ केलेला असतो. म्हणजे आज रुजू झालात आणि उद्या हर्नियाचं ऑपरेशन निघालं तरी चालतं.

बाजारात जाऊन स्वतः पॉलिसी घेतली की चित्र बदलतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याच आजाराचा क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, खडे, गुडघ्याचं रोपण अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं, काहींत त्याहून जास्त थांबावं लागतं. आणि फॉर्मवर लिहिलेल्या आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. हा आकडा पूर्वी ४८ होता, २०२४ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, तो खाली आणला.

तीन वर्षं! नव्या धंद्याची पहिली तीन वर्षं कशी असतात ते मी तुम्हाला सांगायला नको. त्याच तीन वर्षांत तुमच्या शुगरशी संबंधित कुठलाही आजार तुमच्या खिशातून. हा धोका कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलेला नसतो.

आणि कंपनीचं कव्हर संपतं कधी? बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी. महिनाअखेरीस नाही, पॉलिसीच्या वर्षाअखेरीस नाही. त्या रात्री बारानंतर तुमचं कार्ड म्हणजे नुसतं कार्ड.

हक्क आहे, पण तो मागावा लागतो

आता कामाचं बोलू. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. नियामकाच्या नियमात ही सोय आहे, कंपनीची मेहरबानी नाही. ग्रुपमध्ये तुमच्यासोबत ज्यांची नावं होती, त्या कुटुंबीयांनाही ती लागू होते.

याचा फायदा काय? ग्रुपमध्ये तुम्ही सलग जितकी वर्षं काढलीत, ती वेटिंग पिरियडमधून वजा होतात. सहा वर्षं काढली असतील तर तीन वर्षांचा वेटिंग पिरियड तुमचा केव्हाच पार झालाय. आमच्या घाणेवाल्या मित्राचं हेच झालं असतं.

पण बारीक अक्षरातलं तीन गोष्टींत समजून घ्या.

पहिली, हे क्रेडिट जुन्या रकमेपुरतंच मिळतं. कंपनीत तीन लाखांचं कव्हर होतं आणि तुम्ही दहा लाखांची पॉलिसी घेतलीत, तर तीन लाखांपर्यंत जुनी वर्षं धरतात. वरच्या सात लाखांचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं.

दुसरी, प्रीमियम कंपनीच्या ग्रुपसारखा स्वस्त राहणार नाही आणि विमा कंपनी तुमची वैद्यकीय तपासणी करू शकते. वय आणि आजार बघून प्रीमियम वाढवून सांगू शकते. म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्या सवलती जशाच्या तशा उचलून आणता येत नाहीत. नव्या पॉलिसीची खोलीभाड्याची मर्यादा, को-पे, हे सगळं नव्याने वाचायचं.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. वेळ. कव्हर चालू असतानाच अर्ज द्यायचा. नोकरी सुटून दोन महिने झाले, मग गावाला जाऊन आलो, मग आठवलं, असं करून चालत नाही. मध्ये खंड पडला की "सलग" हा शब्द गेला, आणि त्याच्याबरोबर सगळं क्रेडिट गेलं.

आणखी एक गैरसमज. कार्डावर दोन नावं असतात, एक विमा कंपनीचं आणि एक टीपीएचं. टीपीए फक्त क्लेमची कागदपत्रं हाताळतो. मायग्रेशनचा अर्ज विमा कंपनीकडे द्यायचा असतो. अनेकजण टीपीएच्या हेल्पलाइनवर आठवडा घालवतात आणि तिकडून उत्तर येतं, हे आमच्याकडे नाही. तेवढ्यात शेवटचा दिवस उलटून जातो.

त्याच कंपनीची सेवा आवडत नसेल तर? तरी आधी तिथेच मायग्रेट व्हा. वर्ष काढा. मग नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या विमा कंपनीकडे पोर्ट करा. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस अर्ज करायचा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. पोर्ट करतानाही जुनं क्रेडिट सोबत जातं.

"सर, मी तिशीतला आहे, मला काही होत नाही"

हा प्रश्न येणारच. आणि याचं प्रामाणिक उत्तर असं की मायग्रेशन प्रत्येकासाठी सर्वात चांगला पर्याय असेलच असं नाही. तुम्ही अठ्ठावीस-तीस वर्षांचे, धडधाकट, घरात कोणाला जुना आजार नाही, तर दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी कदाचित स्वस्त आणि चांगली पडेल. दोन्हींचे दर काढून ताडून बघा. पण मग ती पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, म्हणजे ३० दिवसांचा पहिला टप्पा तरी कंपनीच्या कव्हरच्या सावलीत निघून जाईल. नोकरी सोडायची तुमची इच्छा असेल तर हे तुमच्या हातात आहे. राजीनाम्याच्या आधी दोन महिने पॉलिसी घ्या, मग राजीनामा.

कपातीत नोकरी गेली तर तेवढा वेळ नसतो. म्हणून मी आता सगळ्यांनाच सांगतो, अगदी ज्यांची नोकरी पक्की वाटते त्यांनाही, की कंपनीच्या मेडिक्लेमवर एकट्यावर विसंबू नका. स्वतःची छोटी का होईना, एक पॉलिसी बाजूला चालू ठेवा. धंद्याची स्वप्नं बघणाऱ्याने तर नक्कीच.

पण घरात चाळिशी ओलांडलेला माणूस असेल, बीपी-शुगरची गोळी चालू असेल, आईवडील कंपनीच्या पॉलिसीत असतील, तर मायग्रेशनचा अर्ज हा तुमचा नोकरीतला शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा अर्ज आहे.

"बायकोच्या कंपनीत नाव घालू" असंही काहीजण म्हणतात. उत्तम आहे. पण आधी विचारा. अनेक ग्रुप पॉलिसींत जोडीदाराचं नाव मध्येच घालता येत नाही, वर्षाच्या सुरुवातीला किंवा नुकतंच लग्न झालं असेल तरच घालतात. विचारल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका.

पैसे कुठून आणायचे?

इथेच खरी ओढाताण असते. पगार बंद. हातात एकदाच मिळालेली रक्कम. त्यातून प्रीमियम भरायचा म्हणजे जिवावर येतं. मला कळतं. मी स्वतः नोकरी सोडली तेव्हा पाच महिने विमा नव्हता. पैसे नव्हते असं नाही. त्याच पैशात मी व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड आणि ऑफिसची फिरती खुर्ची घेतली होती. काही झालं नाही, वाचलो. पण नशिबाने वाचलो, अकलेने नाही.

प्रीमियम हा घरखर्च नाही, धंद्याचा खर्च आहे. तुमच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं मशीन तुम्ही आहात. ते बंद पडलं तर दुकानाचं शटर खाली. मग घाण्याच्या मोटरचा विमा काढताना आपण मागेपुढे बघत नाही आणि माणसाचा काढताना का बघतो?

काही सोयी आहेत, त्या वापरा. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. अनेक कंपन्या महिन्याचे किंवा तिमाही हप्ते देतात. खूपच हात आखडता असेल तर आरोग्य संजीवनी नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. नाव आणि अटी सगळीकडे सारख्या, दर मात्र कंपनीनुसार वेगळे, त्यामुळे तुलना सोपी जाते. त्यात ५ टक्के को-पे आहे, म्हणजे मंजूर बिलातला तेवढा हिस्सा तुमचा. आणि जमेल तशी वर सुपर टॉप-अप जोडता येते. खालची छोटी पॉलिसी पहिले काही लाख उचलते, टॉप-अप त्यावरचा मोठा खर्च. एकच मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा हे बऱ्याचदा स्वस्त पडतं.

एक काम मात्र कधी करू नका. प्रीमियम वाचवायला आजार लपवू नका. "बीपी लिहू नका, कोण बघतंय" असं सांगणारे भेटतात. विमा कंपनी बघते, आणि ती क्लेमच्या दिवशी बघते. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी माहिती लपवल्याचं कारण काढू शकत नाही, हे खरं. पण त्याआधीची पाच वर्षं तुम्ही टांगत्या तलवारीखाली काढणार आहात का? खरं लिहा आणि शांत झोपा.

ईएसआय असलेल्यांसाठी

आपल्यातले बरेचजण २१,००० रुपयांपर्यंत पगाराचे, म्हणजे ईएसआयवाले आहेत. तुमच्यासाठी गणित वेगळं आहे, आणि ते चांगलं आहे. ईएसआयचे उपचार नोकरी सुटल्या दिवशी बंद होत नाहीत.

एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. एका सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर तिच्या लाभकाळाच्या शेवटपर्यंत उपचार मिळू शकतात. समजा, तुम्ही काही वर्षं सलग नोकरीत होतात आणि ऑगस्टमध्ये नोकरी सुटली. एप्रिल ते ऑगस्टमध्ये ७८ दिवस भरले असतील तर तुम्हाला पुढच्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत दार उघडं आहे. आपल्या शाखा कार्यालयात जाऊन तुमची तारीख तेवढी पक्की करून घ्या. अनेकजण कंपनीचा गेट पास जमा करताना मनानेच ईएसआयही जमा करून टाकतात. तसं करू नका. तो तुमच्या पगारातून कापलेला पैसा आहे.

आणि त्या मिळालेल्या महिन्यांत आपली वैयक्तिक पॉलिसी सुरू करा. एक लक्षात ठेवा, ईएसआय ही मेडिक्लेम नाही. त्यातली वर्षं खासगी पॉलिसीत क्रेडिट म्हणून मिळत नाहीत. म्हणून वेटिंगचं घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

सरकारी योजना आहे ना?

आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रेशन कार्डाचा रंग न बघता आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. घरात सत्तरीच्या पुढचे आईवडील असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही. ही दोन्ही कार्डं आजच काढून ठेवा, फुकट आहेत.

पण तेवढ्यावर थांबा असं मी म्हणणार नाही. या योजना ठरलेल्या उपचारांसाठी आणि यादीतल्या दवाखान्यांत चालतात. रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागल्यावर जवळचा दवाखाना त्या यादीत आहे की नाही हे शोधत बसायची वेळ कोणावर येऊ नये. योजना हा खालचा आधार धरा, पॉलिसी हा वरचा.

कायदा कुठे कमी पडतो

आपल्यातल्या अनेकांची मुलं-भाचे अमेरिकेत आहेत. त्यांना विचारा, कोब्रा माहीत आहे का. तो तिथला कायदा आहे. २० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून नोकरी गेली तर साधारण १८ महिने त्याच ग्रुप कव्हरमध्ये राहता येतं आणि निर्णय घ्यायला ६० दिवस मिळतात. फुकट नाही हं. कंपनीचा हिस्साही आपणच भरायचा, वर दोन टक्के प्रशासकीय खर्च, म्हणजे १०२ टक्क्यांपर्यंत. तिथले विम्याचे दर बघता तो डोळे पांढरे करणारा खर्च आहे. म्हणून त्याची आरती ओवाळायची गरज नाही.

पण त्यातल्या दोन गोष्टी मला पटतात. नोकरी सुटल्यावर हा पर्याय तुमच्यापुढे आहे, हे तुम्हाला लेखी कळवावं लागतं. आणि विचार करायला वेळ मिळतो. आपल्याकडे मायग्रेशनचा हक्क आहे, पण तो माणसाला कळेल याची जबाबदारी कोणी घेत नाही. माझं मत आहे की रिलिव्हिंग लेटरसोबत एक साधा मराठी कागद मिळालाच पाहिजे. तुमचं कव्हर अमुक तारखेला संपतंय, विमा कंपनी ही, पॉलिसी नंबर हा, अर्ज इथे करा. एका पानाचं काम आहे. पीएफचा फॉर्म देतात, ग्रॅच्युइटीचा देतात, मग हा का नाही? आणि कव्हर संपण्याच्या दिवसानंतर निदान ३० दिवस तरी अर्जाची मुभा असावी. धक्का बसलेल्या माणसाकडून पहिल्याच आठवड्यात विम्याची कलमं वाचायची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

तो कागद मिळेपर्यंत तुमचं काम तुम्हालाच करायचंय.

हे करा, याच क्रमाने

१. कपातीची कुणकुण लागल्या दिवशी ई-कार्ड आणि पॉलिसी नंबर स्वतःच्या खासगी ई-मेलवर पाठवून ठेवा. कंपनीचा ई-मेल बंद झाला की काही हाती लागत नाही.

२. एचआरला लेखी विचारा. कव्हर कोणत्या तारखेला संपतंय? मी किती वर्षं सलग यात आहे? मागच्या वर्षांत विमा कंपनी बदलली होती का? त्या सगळ्या वर्षांची कार्डं किंवा प्रमाणपत्र मागा.

३. हिशोबाची बोलणी चालू असतील तर कव्हर पॉलिसीच्या वर्षाअखेरपर्यंत किंवा निदान तीन महिने चालू ठेवायची मागणी करा. काही कंपन्या कपातीच्या वेळी हे देतात. वर्षाचा प्रीमियम आधीच भरलेला असतो आणि बऱ्याच पॉलिसींत क्लेम न घेतलेल्या माणसाचं नाव काढलं की उरलेल्या दिवसांचे पैसे कंपनीलाच परत मिळतात. म्हणजे तुम्ही भीक मागत नाही. तोंडी "हो" वर जाऊ नका, ई-मेल घ्या.

४. शेवटच्या दिवसाआधी विमा कंपनीकडे मायग्रेशनचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

५. नकार आला किंवा टोलवाटोलवी सुरू झाली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. नियामकाची हेल्पलाइन १५५२५५ आहे. त्यानेही झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

६. नवी पॉलिसी हातात आली की वाचा. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

७. धंद्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, भाडं आणि लाइट बिलाच्या वरती, एक ओळ लिहा: आरोग्य विमा, दरमहा इतके रुपये. ती ओळ परवडत नसेल तर धंद्याचं गणित अजून पूर्ण झालेलं नाही.

आणि उद्या तुम्ही मालक व्हाल तेव्हा

हे शेवटचं. तुमच्यापैकी काहीजणांकडे दोन-चार वर्षांत सात-आठ माणसं कामाला असतील. साधारण तेवढ्या माणसांपासून छोट्या कंपनीलाही ग्रुप मेडिक्लेम मिळते. ती घ्या. आणि कधी धंदा मंदावला, एखाद्याला कमी करावं लागलं, तर त्याच्या हातात शेवटचा चेक देताना तो एका पानाचा कागदही द्या. त्याला जवळ बसवा आणि सांगा, बाबा रे, अमुक तारखेच्या आत हा अर्ज भर.

तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगा. मालक म्हणून यापेक्षा कमी खर्चाचं आणि जास्त पुण्याचं काम मला माहीत नाही.

आमच्या मित्राचा घाणा आता सुरू झालाय, बरं का. सध्या आठवड्यातून चार दिवस चालतो. मशीन जुनं घेतलं, पण तेल चांगलं आहे. आणि दुकानात लक्ष्मीच्या फोटोखाली त्याने पॉलिसीची नूतनीकरणाची तारीख खडूने लिहून ठेवलीय.

तुमची तारीख कोणती? माहीत नसेल तर हा लेख बंद करा आणि आधी ते कार्ड शोधा. चला, कामाला लागा.